सात जिन्नसांचं मलम

टाकानिनी, ऑकलंड
१४ मे २०१२

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहोत. दर रविवारी दादाशी फोनवर बोलते, पण तुझ्यापर्यंत त्यातलं किती पोचतं ते मला ठाऊक आहे. तू कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवून देतेस आणि दादा तुझ्याकडे तोंड करून "संपदा बरी आहे" एवढंच ओरडतो. चाळीस मिनिटांच्या फोनचा हा सारांश! म्हणून हे खास तुला. आणि विषयही असा आहे की दादाला सांगायला लाज वाटते.

मला सहा महिन्यांपासून खाज आहे. मांड्यांवर, कमरेखाली, थोडी पोटावर. लालसर चट्टे आहेत, नायट्यासारखे दिसतात पण नायटा नाही. इथले डॉक्टर म्हणाले एक्झिमा, हिवाळ्यात कातडी कोरडी पडते. (इथले ऋतू तुमच्या उलटे.) मी म्हटलं, सुरू झालं तेव्हा उन्हाळा होता. ते हसले आणि आणखी एक क्रीम लिहून दिलं. आठवडाभर लावलं, फरक नाही, सोडून दिलं. सिद्धीला घेऊन शनिवारी पापाकुऱ्याच्या पूलवर जाते, ती पाण्यातून ओरडते, "मॉम, गेट युअर टॉग्ज ऑन!" मी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, न घालता काठावर रबरी चपला घालून बसते आणि सर्दी झाल्याचं सांगते. दहा वर्षांच्या मुलीला किती आठवडे सर्दी सांगणार? बालवाडीत काम करताना मुलं मांडीवर चढतात, तिथे खाजवताही येत नाही.

वहिनी, मला अण्णांचं मलम पाठव. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली, तरी दर गुरुवारी तू ओटीवर बसून ते लोकांना देतेस, असं दादा सांगतो. लहानपणी मला काहीही झालं तरी तेच लागायचं. सात जिन्नस मला अजून पाठ आहेत: मुठेल, मेण, राळ, कडुलिंब, करंजतेल, हळद, कापूर. कुणी इकडे येणार असेल तर त्याच्या हाती दे आणि डबीवर "कोल्ड क्रीम" लिही. मधमाशीचं मेण म्हटलं की इथल्या विमानतळावरच्या लोकांचे डोळे मोठे होतात.

दादाला नमस्कार. हे पत्र त्याला दाखवू नकोस.

तुझी,
संपदा

•

लांजा
९ जून २०१२

चि. सौ. संपदा वन्सं यांस,

"वन्सं" म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. पत्र मी यांना दाखवलं नाही. यांनी दोनदा विचारलं, मी मशीन काढून ठेवलं.

आपल्या सरलाकाकूंची मृदुला टौरंगाला निघाली आहे, नवऱ्याला तिथे बंदरात नोकरी लागली. तिच्याबरोबर दोन डब्या देते आहे. कोल्ड क्रीम लिहिलं आहे, तेही इंग्रजीत, यांच्याकडून लिहून घेऊन. ती तिथून तुला पोस्टाने धाडील.

दिवसातून दोनदा पातळ लाव. चोळू नको, नुसतं फिरव. अण्णा म्हणायचे तसं. चार दिवसांत फरक पडेल बघ. आता ते माझ्या हातचं आहे, अण्णांच्या हातचं नाही, तेव्हा नाही पडला तर मला बोल लावू नको. इथे तेवढं ऐकून घेतलेलं आहे मी. अण्णांच्या हाताला गुण होता, सुनेच्या कुठून येणार, असं सगळा गाव म्हणायचा. आता म्हणत नाहीत.

डॉक्टरचंही चालू ठेव.

तुझी वहिनी,
सुलभा

•

टाकानिनी
२ सप्टेंबर २०१२

प्रिय वहिनी,

काय सांगू! पाचव्या दिवशी खाज गेली. पंधरा दिवसांत चट्टे फिके. मी गेल्या शनिवारी पोहले! सिद्धीने काठावर टाळ्या वाजवल्या. यतीन इंजिनिअर माणूस, त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तोही डबी उघडून बघत होता. शिवाय तुझं मलम चादरीला लागत नाही. अण्णांच्या मलमाने माझे सगळे परकर पिवळे व्हायचे.

डॉक्टरांनी मधेच मला कातडीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं होतं. त्या बाईंनी मांडीवरून एक छोटा तुकडा काढला आणि तपासला. काही विशेष नाही, साधी सूज आहे. दुसरं काही लावता का, असं विचारलं. मी अभिमानाने सातही जिन्नस सांगितले. मुठेल म्हणजे काय ते समजावताना घाम फुटला. कोकमाच्या बियांचं लोणी, असं सांगितलं. त्यांनी "हर्बल बाम" असं लिहून घेतलं.

वहिनी, तुझ्या हाताला अण्णांचा गुण आला आहे. हे मी, अण्णांची मुलगी, लिहून देते. गावात कुणी काही म्हणालं तर हे पत्र दाखव.

संपदा

•

लांजा
१८ नोव्हेंबर २०१२

चि. सौ. संपदा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि देवापाशी ठेवलं. यांनाही दाखवलं या वेळी. हे म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." काय सांगत होते ते यांचं यांना माहीत.

बरी झालीस, आता मलम बंद कर. बरं वाटल्यावर लावत राहायचं नसतं. अगदी लागलं तरच, आणि थोडं.

दिवाळीला तुझी आठवण काढली. यतीनरावांना नमस्कार, सिद्धीला आशीर्वाद.

सुलभा

•

टाकानिनी
२३ फेब्रुवारी २०१४

प्रिय वहिनी,

वर्षभरात तुला धड पत्र लिहिलं नाही, नुसते दिवाळीचे चार शब्द. बरं होतं तोवर वाटलं, आता काय लिहायचं! मृदुला मधे लांज्याला जाऊन आली तेव्हा तुझ्याकडून आणलेल्या दोन्ही डब्या संपत आल्या. तू बंद कर म्हणाली होतीस, पण बंद केलं की दहा दिवसांत सगळं परत येतं. आता चट्टे जाड झाले आहेत, हाताला लागतात. पाठीवरही आले. जिथे टॉग्ज झाकतात तिथेच आधी येतात, हे डॉक्टरीणबाईंना फार महत्त्वाचं वाटतं आहे. दुसऱ्यांदा तुकडा काढला, परत स्पष्ट काही नाही. त्या म्हणाल्या, "डोळ्यांना जे दिसतं आणि काचेवर जे दिसतं त्याचा मेळ बसत नाही."

मग त्यांनी परत बामबद्दल विचारलं. अगदी टोकाला जाऊन विचारलं. यात स्टेरॉइड नाही ना? मी म्हटलं, माझे वडील वैद्य होते, माझी भावजय त्यांच्या कृतीने करते. त्या म्हणाल्या, मग भावजयीकडून लिहून आणा, काय काय घालतात ते. मला राग आला होता, तरी हो म्हटलं. तेव्हा वहिनी, एका कागदावर सातही जिन्नस लिहून सही कर. म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल.

आणि दोन डब्या पाठव. बालवाडीत एका पालकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "इज दॅट कॅचिंग?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मुलीला त्यांनी दुसऱ्या वर्गात बसवलं.

तुझी,
संपदा

•

लांजा
२० मार्च २०१४

चि. सौ. संपदा,

सोबत कागद आहे. मुठेल, मेण, राळ, कडुलिंबाचा पाला, करंजतेल, हळद, कापूर. खाली सही केली आहे. बाकी काही नाही.

एक डबी पाठवते आहे. दोन नाहीत. या खेपेला मुठेल कमी मिळालं.

तू त्या बाईंचं ऐक. त्या सांगतील ते औषध घे. माझं मलम हे काही औषध नाही गं, तू त्याच्यावर एवढी विसंबू नको. मी काही शिकलेली नाही.

सुलभा

•

टाकानिनी
१७ ऑगस्ट २०१४

प्रिय वहिनी,

नीट बसून वाच. दादाला मी फोनवर सांगणार आहे, पण तुला आधी.

जुलैमध्ये खांद्यावर एक गाठ आली. बोराएवढी होती, पंधरा दिवसांत सुपारीएवढी झाली. ती पूर्ण काढून तपासली. आता नाव कळलं आहे: मायकोसिस फंगॉइडिस. नाव बुरशीचं आहे, पण बुरशी नाही. हा लिम्फोमा आहे, म्हणजे कॅन्सर. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी बिघडतात आणि कातडीत येऊन राहतात. फार कमी जणांना होतो. यतीनने इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली आणि आता तो जेवतानाही तेच वाचत असतो.

बहुतेकांना हा आजार वर्षानुवर्षं शांत असतो म्हणे. माझा तसा राहिलेला नाही. आठवड्यातून तीनदा मला दिव्यांच्या कपाटात उभं करतात, चारी बाजूंनी निळसर नळ्या. डोळ्यांना गॉगल, बाकी अंगावर काही नाही. आता किरणं आणि कीमोचीही भाषा सुरू झाली आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीतरी इतकी वर्षं याला झोपवून ठेवत होतं." मी म्हटलं, आमच्या अण्णांचं मलम! त्या हसल्या नाहीत. तुझा कागद त्यांच्या फाइलमध्ये लावला आहे. म्हणाल्या, साधा हर्बल बाम असेल तर लावा, त्वचा मऊ राहील. म्हणून सकाळ-संध्याकाळ लावते. त्या वेळी तुझी आठवण येते.

मला भीती वाटते वहिनी. सिद्धी बारा वर्षांची आहे.

संपदा

•

लांजा
६ सप्टेंबर २०१४

संपदा,

मलमात आठवा जिन्नस आहे.

आधी हे कर: डबी आजच्या आज बंद कर आणि तशीच उचलून डॉक्टरीणबाईंकडे ने. हे पत्र त्यांना वाचून दाखव. मग पुढचं वाच.

अण्णा गेले तेव्हा मी त्यांच्या कृतीने मलम करायला लागले. जिन्नस तेच, कढई तीच. पण गुण येईना. सरलाकाकूंनी डबी आणून माझ्या समोर ठेवली आणि चार बायकांच्या देखत म्हणाल्या, "अण्णांच्या हाताला गुण होता, तो त्यांच्याबरोबर गेला." मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून अण्णांनी मला शेजारी बसवून शिकवलं होतं. मला ते वाक्य लागलं. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग यांनी म्हटलं, त्यात औषधाच्या दुकानातली खाजेची ट्यूब घाल थोडी, कुणाला कळतंय. मी घातली. सरलाकाकूंची खाज चार दिवसांत गेली. त्यांनीच गावभर सांगितलं. मग एका घाण्याला एक ट्यूब होती ती चार झाली, पुढे आठ. पांढरी ट्यूब नीट मिसळावी म्हणून हळद कमी केली. म्हणून तुझ्या चादरीला डाग पडत नव्हते.

ट्यूबवर बारीक अक्षरात स्टेरॉइड लिहिलेलं असतं. मी ते यांच्याकडून वाचून घेतलेलं होतं. तू फेब्रुवारीत जो शब्द लिहिलास तो मला माहीत होता, तरी मी सही केली. मला वाटलं, तुकडा तर साफ आला आहे, खरजेचाच काही प्रकार असेल. आता एवढ्यासाठी अण्णांचं नाव आणि माझं तोंड कशाला काळं करायचं? तू लिहिलं होतंस ना, तुझ्या हाताला अण्णांचा गुण आला. ते पत्र देवापाशी होतं. मला ते तिथून उचलवेना.

माफ कर असं लिहीत नाही. तेवढा माझा अधिकार नाही. पण डबी आजच ने.

सुलभा

•

लांजा
१४ डिसेंबर २०१४

संपदा,

तुझं उत्तर नाही. यांना फोनवर तू "ट्रीटमेंट चालू आहे" एवढंच सांगतेस आणि माझं नाव काढत नाहीस, हे मला यांच्या तोंडावरून कळतं. बरोबरच आहे.

मी गुरुवार बंद केला. आलेल्या प्रत्येकाला तोंडाने सांगितलं, त्यात ट्यूब होती म्हणून. यांना ते फार झोंबलं, चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला ऐकू येत नाही, त्यामुळे फरक पडला नाही, असं म्हणायला हवं, पण पडला. सरलाकाकू म्हणाल्या, "म्हणजे मी ट्यूबच लावत होते? मग ती तशीच का नाही दिलीस, उगाच एवढी कढई घासत बसलीस!" आणि गंमत म्हणजे दुसऱ्या गुरुवारी सहा माणसं आली. म्हणाली, ट्यूबवालंच द्या. मी दार लावून घेतलं.

तू रागाचं पत्र लिही. शिव्या घाल. पण लिही.

सुलभा

•

टाकानिनी
८ मार्च २०१५

वहिनी,

हे पत्र मी तीन बैठकांत लिहिते आहे. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत, पेन धरवत नाही. यतीन म्हणाला, तू सांग, मी लिहितो. पण हे त्याच्या हातून लिहून घ्यायचं नाही.

डबी त्याच दिवशी नेली होती. डॉक्टरीणबाईंनी तुझं पत्र माझ्या तोंडून ऐकलं. मी मराठी वाचून इंग्रजीत सांगत होते आणि मधेच मला इंग्रजी सुचेना. त्यांनी जुने नमुने परत काढून पाहिले. म्हणाल्या, हा आजार असाही फसवतो, क्रीम नसतं तरी पहिल्या तुकड्यात सापडला असता असं नाही. मी विचारलं, मग उशीर किती झाला? त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. दोन महिने असेल, दोन वर्षं असतील. मी दोनदा विचारलं. मला आकडा हवा होता, तुझ्यावर किती रागवायचं ते ठरवायला.

आकडा मिळाला नाही, म्हणून सगळाच राग केला. सहा महिने केला. तुझी पत्रं मी फाडणार होते.

जानेवारीपासून सगळं फार वेगाने चाललं आहे. पेशी बदलल्या आहेत, मोठ्या झाल्या आहेत, घाईने वाढतात. मानेवर, काखेत गाठी आल्या. सोमवारी लिंबाएवढी असलेली शुक्रवारी फुटते. किरणं दिली की तिथली बसते आणि दुसरीकडे येते. भुवया गेल्या. बालवाडी सोडली. समोरच्या डेअरीवर दूध आणायला जाते तेव्हा दुकानदार माझ्या हातात सुटे पैसे न देता काउंटरवर ठेवतो. सिद्धी मात्र अजून गळ्यात पडते, मीच तिला दूर करते.

आता ऐक. तुला वाटतं तू एकटीच खोटी आहेस. पहिली डबी उघडली तेव्हाच मला कळलं होतं की हे अण्णांचं नव्हे. अण्णांचं मलम गडद पिवळं, राळेचा आणि कापराचा वास. तुझं फिकं, वासही मिळमिळीत. मी वैद्याची मुलगी आहे, मला कळणार नाही? पण खाज गेली, वहिनी. मला वाटलं, विचारलं तर तू पाठवायचं बंद करशील. म्हणून चादरीला डाग पडत नाही असं कौतुक केलं. हाताच्या गुणाचं लिहिलं. तुझ्याकडून कागद मागवला तोही मला ठाऊक असून मागवला. तू खोटं लिहावंस आणि माझी सुटका व्हावी, एवढंच मला हवं होतं. आपण दोघींनी मिळून त्या बाईंना फसवलं.

हे मी यतीनलाही सांगितलेलं नाही.

आता एकच मागते. इथलं पांढरं मलम दिवसातून चार वेळा लावावं लागतं, मला स्वतःला पाठीला पोचत नाही आणि नर्सचा रबरी हातमोजा मला नको झाला आहे. यतीन लावायला बसतो आणि दुसरीकडे बघतो. तू ये. आणि खरं मलम कर, सात जिन्नसांचं, पिवळं. काही उपयोग होणार नाही, मला माहीत आहे. मला तो वास हवा आहे.

संपदा

•

लांजा
१ एप्रिल २०१५

संपदा,

व्हिसाचा अर्ज आज केला. यांना झेपणार नाही, मी एकटी येते. कधी विमानात बसले नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून यांचा जीव वरखाली होतो आहे. मी यांना म्हटलं, विमानात सगळेच बहिरे असतात.

कढई घासायला घेतली आहे. माझे हात पिवळे होतील तेव्हा मला बरं वाटेल.

तू थांब.

सुलभा

•

टाकानिनी
११ ऑक्टोबर २०१५

डिअर मामी,

हे मी मराठीत टाइप करते आहे. खूप स्लो आहे. डॅड स्पेलिंग चेक करतो आहे.

मॉम जाऊन आता चार मंथ्स झाले. स्कूल ओके आहे. मी परत स्विमिंग सुरू केलं. डॅड आणि मी रोज डिनर बनवतो, तो वरण हीप्स सॉल्टी करतो.

मला तुला एक विचारायचं आहे. तू इथे होतीस तेव्हा, लास्ट वीकच्या आधी, तू मॉमच्या पाठीला क्रीम लावत होतीस. आफ्टरनून होती. मी दारात होते. मॉमने तुझ्या कानाच्या मशीनजवळ काहीतरी हळू विचारलं. तू नाही म्हणालीस आणि रडलीस. मग मॉम हसली. ती खूप दिवस हसली नव्हती. मला ऐकू आलं नाही. मला वाटलं होतं नंतर विचारीन. मग नंतर नव्हतं.

ती काय म्हणाली?

लव्ह,
सिद्धी

•

लांजा
२ नोव्हेंबर २०१५

प्रिय सिद्धी,

तुझं मराठी छान आहे. बाबांना सांग, वरणात मीठ शेवटी घालायचं.

तू विचारलंस म्हणून सगळं सांगते. लहान आहेस म्हणून गाळत नाही, गाळण्याचा मला आता कंटाळा आला आहे. तुझ्या आईच्या कपाटात माझी पत्रं असतील. बाबांना विचारून वाच. वाचून माझ्यावर रागवायचं असेल तर रागव. ती रागवली होती.

मी आले तेव्हा आईसाठी तुझ्या आजोबांचं मलम घेऊन आले होते. ती पिवळी डबी तू पाहिली नाहीस, कारण ती विमानतळाच्या बाहेर आलीच नाही. विमानात एक फॉर्म देतात, सोबत काय काय आणलं आहे ते लिहायचा. पूर्वी मी डब्यांवर कोल्ड क्रीम लिहून पाठवत असे. या वेळी ठरवलं होतं, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं आणि सगळीकडे हो म्हणून खूण केली. टेबलापाशी गणवेशातली एक बाई होती, दणकट, हसरी, तिने "किया ओरा" म्हणून नमस्कार केला. तिने डबी उघडून विचारलं, यात काय आहे? मी इंग्रजीत पाठ करून ठेवलं होतं, सातही जिन्नस सांगितले. मेणाचं नाव निघाल्यावर तिने मान हलवली. घरी केलेलं, लेबल नाही, मधमाशीचं मेण आहे, सोडता येणार नाही. मी तिला माझी पिवळी बोटं दाखवली, माझी नणंद मरते आहे, हेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं गं. पण तिने डबी बंद केली आणि कचऱ्याच्या पेटीत टाकली. इतक्या वर्षांनी खरं मलम खऱ्या नावाने आणलं आणि ते कचऱ्यात गेलं.

घरी आले तर तुझ्या आईचे डोळे सुजून मिटलेले. तिने विचारलं, "आणलंस?" मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा असा उपयोग मी पुष्कळदा केला आहे. तुमच्या हॉस्पिटलचं पांढरं मलम होतं, ते हातावर घेऊन तिच्या पाठीला लावायला बसले. हातमोजा घातला नाही. ती म्हणाली, "अण्णांचं." मी गप्प. तीन दिवस गप्प. तिला बरं वाटतं आहे तर वाटू दे, असं स्वतःला सांगत होते. सहा वर्षं ओटीवर बसून लोकांना देताना मी स्वतःला हेच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तू दारात होतीस तेव्हा, तिने मला खाली वाकायला लावलं आणि मशीनपाशी तोंड आणून विचारलं, "वहिनी, हे अण्णांचं आहे ना?"

मी म्हटलं, "नाही. ते विमानतळावर काढून घेतलं. हे तुझं इथलंच आहे, पांढरं."

मग रडू आलं मला. ती म्हणाली, "आणि आठवा जिन्नस?"

मी म्हटलं, "एकही नाही. नुसतं व्हॅसलिन."

तेव्हा ती हसली. तू पाहिलंस ते हसू. मग म्हणाली, "माहीत होतं गं. वासच नव्हता. तू सांगतेस का, ते बघत होते. आता लाव, हात थांबवू नकोस."

मी लावत राहिले. थोड्या वेळाने तिला झोप लागली. यतीनराव चहा घेऊन आले आणि तिला झोपलेली बघून कप घेऊन तसेच परत गेले.

तुझ्या आईने मला एवढंच विचारलं होतं, सिद्धी. मला उत्तर द्यायला तीन दिवस लागले, आणि त्याच्या आधी तीन वर्षं.

तुझी,
सुलभामामी